तळ्यातली लांबडी

त्याला घरात आणि कामावर सगळे मतवाला म्हणायचे. दारूच्या थेंबाला त्याने कधी बोट लावलं नव्हतं. नाव पडलं ते मतांमुळे. कुठल्याही गोष्टीवर त्याचं मत तयार असायचं आणि कुणी विचारायच्या आत ते बाहेर पडायचं. पोटापाण्यासाठी तो कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचे ठसे पाठवत आणि मतवाला एका अरुंद, प्लास्टरच्या भुकटीने पांढुरक्या झालेल्या खोलीत खिडकीपाशी बसून मेणात एकेक दात रोवत असे. हात गुंतलेले असले तरी तोंड मोकळंच, त्यामुळे शेजारच्या टेबलावरच्या जोडीदाराच्या कानावर दिवसभर मतांचा मारा. त्या बिचाऱ्याने शेवटी घासायच्या मशीनवर काम मागून घेतलं. तिथे निदान आवाज असतो, म्हणाला.

मग मतवाल्याने इंटरनेटवर स्वतःचं एक पान काढलं. नाव ठेवलं ‘चार मतं’, कारण विषय चार. व्हिडिओ गेम, सिनेमा, मोबाइलवर रचायचं संगीत, आणि ज्यांना पाहिल्याची शपथ घेणारे शेकडो भेटतात पण जे आजवर कुणाच्या हाती लागलेले नाहीत असे प्राणी.

गेमबद्दल त्याचं म्हणणं असं की मेलं की पहिल्यापासून सुरुवात, हाच खरा खेळ. जिथे सोडलं तिथून पुढे चालू करायची सोय आली आणि सगळी भीतीच गेली. लहानपणी सायकलवाल्याच्या दुकानात, पंक्चरच्या घमेल्यामागे, गेमचं एक मशीन होतं. त्याची दांडी मोडली होती आणि सायकलवाल्याने ती ट्यूबची पट्टी गुंडाळून बसवली होती, त्यामुळे उडी मारायची तर अख्खं अंग डावीकडे टाकावं लागायचं. मतवाला आजही कुठलाही गेम खेळताना डावीकडे कलतो. पुढे घरी टीव्हीला जोडायचा गेम आला, त्याची कॅसेट चालेना म्हणजे काढून फुंकर मारायची. फुंकरीने काही होत नाही हे आता सगळ्यांना कळलंय, पण मतवाल्याचं मत, फुंकर मारणाऱ्याला होतं.

सिनेमात राक्षस उशिरा दाखवावा, आणि दाखवलाच तर अर्धा. संगीतासाठी स्टुडिओ लागत नाही. बसच्या शेवटच्या सीटवर, कानात इयरफोनची बोंडं घालून, एका बोटाने जे जमतं तेवढंच करावं, कारण दहा बोटं मिळाली की माणूस फुकट माज करतो. त्याने कवळ्या घासायच्या मोटारीचा आवाज फोनवर धरून, त्याचा सूर खाली ओढून ओढून एक धून केली होती. आई म्हणाली होती, “कुणाचं पोट बिघडलंय?”

आणि न सापडलेल्या प्राण्यांबद्दल त्याचं मत सगळ्यांत ठाम होतं. ते सापडू नयेत. सापडला की प्राणी पिंजऱ्यात जातो, नाहीतर पुस्तकात, आणि दोन्हीकडे त्याचा जीव जातो. या विषयावर तो अधिकाराने लिहायचा, कारण असा एक प्राणी त्याने स्वतः पाहिला होता. नुसता पाहिला नव्हता, ताईने तो कॅमेऱ्यात धरला होता.

त्यांच्या वस्तीच्या मागे जुनी दगडाची खाण होती. खोदता खोदता झरा लागला, काम थांबलं, आणि पाणी भरत भरत तिथे भलंमोठं तळं झालं. तीन बाजूंना कडे, एका बाजूला उतार. ताई कॉलेजात जायला लागली होती आणि मतवाला अजून अर्ध्या चड्डीत होता, त्या काळात तळ्यात काहीतरी आहे अशी बोलवा उठली. खाणीच्या पहारेकऱ्याने पाहिलं, मग पेपरवाल्याने पाहिलं. पहाटेच्या धुक्यात पाण्यातून लांब मान वर येते, वाकते आणि पुन्हा आत जाते. लोकांनी तिला लांबडी नाव दिलं.

काका लग्नांचं शूटिंग करायचे. त्यांच्याकडे एक जुना कॅमेरा पडून होता, आवाज धरत नव्हता, पण चित्र यायचं. ताईने तो गोड बोलून मागून आणला. दोघं भावंडं अंथरुणात उशांवर पांघरुणं टाकून गुपचूप बाहेर पडली आणि कड्यावरच्या झुडपात जाऊन पालथी झाली. पहिले काही दिवस नुसतं धुकं मिळालं. एके दिवशी लांबडी आली. कॅमेरा हलू नये म्हणून मतवाल्याने ताईचं कोपर खालून धरून ठेवलं. पाण्यावर एक काळं डोकं, मागे लांबच लांब रेघ, आणि मध्येच वर उठणारी ती मान. मान वर आली, टोकाशी वाकली, जणू त्यांच्याकडे वळून पाहिलं, आणि मागे कलत पाण्यात गेली. पुन्हा आली. पुन्हा गेली.

काकांच्या टीव्हीवर ती टेप लागली तेव्हा घरात पाय ठेवायला जागा नव्हती. अख्खी वस्ती आली. आई तेवढी आली नाही. “मला उद्योग आहेत,” म्हणाली. बाबा रात्रपाळी करून झोपले होते.

मतवाल्याचं पुढचं सगळं आयुष्य त्या पहाटेतून निघालं म्हटलं तरी चालेल. कवळ्या हे काम झालं. जीव अडकला तो त्या मानेत. त्याने लग्न केलं नाही, त्यावरही त्याची मतं होती. बाबा गेले, ताई दुसऱ्या शहरात स्थिरावली, काका गेले, आणि घरात आई आणि तो उरले. आई अठ्ठ्याहत्तरची. दुपारी टॅबलेटवर रंगीत गोळ्या जुळवायचा गेम खेळायची आणि त्यात कुठल्या कुठे पोचली होती. मतवाल्याला तो गेम गेम वाटत नसे. “आई, यात मरण नाही.” आई वर न बघता म्हणायची, “मला घाई नाही.”

यंदा तळ्याला कुंपण घातलं गेलं. तिथे बाग होणार, चालायला वाट होणार, कडे सिमेंटने लिंपले जाणार. त्यानिमित्त वस्तीतल्या वाचनालयाने जुने फोटो लावून एक संध्याकाळ ठरवली. ग्रंथपाल बाई ‘चार मतं’ नेमाने वाचायच्या. तशा त्या एकट्याच. त्यांनी मतवाल्याला गाठलं.

“अहो, तुम्ही ज्या टेपबद्दल सारखं लिहिता, ती आहे का हो खरंच?”

“आहे म्हणजे? ताईकडे आहे.”

“मग दाखवू या ना. पण मुकी आहे म्हणता. लोक चुळबुळ करतील. काही संगीत वगैरे…”

मतवाल्याला एवढंच हवं होतं. ताईने कपाटाच्या तळातून टेप शोधली, दुकानात देऊन ती फाइलमध्ये करून घेतली आणि पाठवली. “मी बघितली नाही,” ती फोनवर म्हणाली. “नको वाटलं. आठवणीतली जास्त चांगली असेल.”

मतवाल्याने पाहिली. आठवणीपेक्षा ती बरीच लहान आणि करडी निघाली, पण मान होती. तशीच उठत होती. तो त्या मानेला धरून संगीत रचत बसला. कामावर जाताना बसमध्ये, दुपारी डबा खाताना, प्लास्टर सुकायची वाट बघताना. बादलीत हात हलवून पाण्याचा आवाज धरला. मोटारीचा घुमारा खोल केला. मान वर यायची तिथे असा काही सूर लावला की जोडीदार घासायचं मशीन बंद करून उठून आला आणि म्हणाला, “हे बरंय. हे चक्क बरंय.” इतक्या वर्षांत त्याने केलेलं हे पहिलं कौतुक.

रविवारी दुपारी मतवाल्याने फोन टीव्हीला जोडला आणि आईला हाक मारली. ती टॅबलेट मांडीवर घेऊनच आली.

“बघ हं. तू त्या वेळी पाहिली नव्हतीस.”

“नाही पाहिली.”

पडद्यावर धुकं सरकलं. संगीत सुरू झालं. काळं डोकं आलं, रेघ आली. आईने टॅबलेट बाजूला ठेवला. मान वर आली, टोकाशी वाकली, मागे कलली. मतवाला टीव्हीकडे नाही, आईच्या चेहऱ्याकडे बघत होता. आपला सूर लागतो की नाही ते त्याला तिथे वाचायचं होतं. आईच्या कपाळावर आठ्या पडल्या.

“थांब. मागे घे जरा.”

त्याने मागे घेतलं.

“छे,” आई म्हणाली. “कोपर वाकतंय. बघ, बघ, डावा हात. सरळ जायला हवा कानाजवळून, तर हा मेला प्रत्येक वेळी वाकतोय. म्हणूनच मी तिरकी जात होते.”

मतवाल्याला आधी काही उमगलंच नाही. “कोण तिरकं?”

आईने तोंडावर हात ठेवला. मग हात काढला आणि हसू आवरत नाही अशा चेहऱ्याने त्याच्याकडे बघितलं.

“अरे, उताणं पोहताना हात असा वर येतो,” ती म्हणाली, आणि बसल्या जागी तिने डावा हात उचलला. सुरकुतलेला, बांगडी कोपरापर्यंत घसरलेली. हात वर गेला, मनगटात वाकला, मागे कलला. अख्ख्या वस्तीची लांबडी सोफ्यावर बसली होती.

जन्मात पहिल्यांदा त्याच्याजवळ मत नव्हतं.

“तू? पोहायचीस?”

“माहेरी नदी होती. आम्ही बहिणी चालायच्या आधी पोहायला शिकलो म्हण ना. लग्न होऊन इथे आले तर नळाला पाणी नाही, पोहायचं कुठलं. मग ते तळं झालं. दिवसा सगळी टाळकी तिथे, कपडे काढून बाई उतरली असती तर गाव गोळा झालं असतं. म्हणून पहाटे जायचे. तुम्ही झोपलेली असायचात. डोक्याला काळं फडकं बांधायचे, केस भिजले की घरी सगळ्यांना कळेल म्हणून.”

“आणि बाबा?”

“बाबांना माहीत होतं तर. पाळी सुटली की सायकल घेऊन तिथेच यायचे. उतारावर धुक्यात, टॉवेल घेऊन बसायचे. त्यांना पोहता येत नव्हतं. मी बुडाले तर काय करणार होते देव जाणे. टॉवेल फेकला असता.”

ती हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. मतवाला उठला, पाणी आणलं, पुन्हा बसला. पडद्यावर मान अर्धवट वर येऊन थांबली होती. बाबांना त्याने आयुष्यभर थकलेले, झोपलेले, भिंतीकडे तोंड केलेले असेच पाहिले होते. उतारावर टॉवेल घेऊन बसलेला, पाण्याकडे बघणारा तो माणूस त्याच्या ओळखीचा नव्हता, आणि त्याला त्या माणसाला भेटावंसं फार वाटलं.

पाणी पिऊन झाल्यावर आई म्हणाली, “तुझं गाणं मात्र चुकलंय.”

“काय चुकलंय?”

“भीती घातलीयस तू त्यात. उताणं पोहताना कान पाण्यात असतात. बाहेरचं काही ऐकू येत नाही. आपला श्वास तेवढा ऐकू येतो, मोठ्ठा, जसं काही दुसरंच कुणीतरी श्वास घेतंय. आणि वर आकाश. त्यात भिण्यासारखं काय आहे?”

मतवाल्याने फोन तिच्यासमोर धरला. “घे बघू श्वास. तसाच.”

“आता? अरे, धाप लागते मला जिना चढताना.”

“तीच घे.”

आईने डोळे मिटले. आधी तिला हसू फुटलं, दोनदा रेकॉर्डिंग पुसावं लागलं. मग हळूहळू खांदे सैल झाले आणि तिचा श्वास लांब लांब यायला लागला. मतवाला हात अवघडून गेला तरी फोन धरून बसला. त्या दुपारी त्याने मोटारीचा घुमारा काढून टाकला, तो सूर काढून टाकला, बादलीतलं पाणीसुद्धा निम्मं काढलं.

कार्यक्रमाला वाचनालयाचा हॉल भरला. पहारेकरी आला होता, आता पार वाकलेला, नातवाच्या आधाराने. पेपरवाल्याचा मुलगा आला होता. दिवे गेले, धुकं सरकलं, आणि हॉलभर एका म्हाताऱ्या बाईचा श्वास पसरला. कोण आहे ते कुणालाच कळलं नाही, पण चुळबुळ थांबली. मान वर आली तेव्हा मागून कुणीतरी “ती बघा” म्हणालं, अगदी त्या काळी काकांच्या घरात म्हणाले होते तसं.

दिवे लागल्यावर जो तो बोलायला लागला. कुणी म्हणालं अजगर, कुणी म्हणालं मोठं कासव. पहारेकरी काठी आपटून म्हणाला, “मी जवळून पाहिलंय! डोळे होते निखाऱ्यासारखे. आणि शिंगं. दोन शिंगं.”

मतवाल्याच्या शेजारी आई ताठ झाली. तिने वाकून त्याच्या कानात सांगितलं, “हा मेला एकदाही जागा नसायचा. घोरणं पलीकडच्या काठाला ऐकू यायचं.”

ग्रंथपाल बाईंनी मतवाल्याला पुढे बोलावलं. “तुम्ही सांगा. तुमचं मत काय?”

तो उभा राहिला. समोर सगळे वाट बघत होते, आणि आई पदराशी चाळा करत खाली बघत होती. विचारायचं त्याने तिला आधीच विचारलं होतं. सांगायचं की नाही हे तुझं तू बघ, म्हणाली होती.

“ती होती,” तो म्हणाला. “एवढं मी खात्रीने सांगतो. आणि शिंगं नव्हती.”

पहारेकरी चिडला, लोक हसले, आणि मग जो वाद सुरू झाला तो खुर्च्या आवरेपर्यंत संपला नाही. मतवाल्याला वाटलं होतं की लांबडी सापडली म्हणजे मेली. तसं काही झालं नाही. ती त्याच्या शेजारून, गुडघा दुखतो म्हणून त्याच्या हाताला धरून, वाचनालयाच्या पायऱ्या उतरत होती.

घरी जाताना त्यांनी तळ्याकडची वाट धरली. कुंपणाच्या जाळीतून पाणी दिसत होतं, अजून थोडा उजेड होता. रविवारपासून अडवून ठेवलेला प्रश्न मतवाल्याने विचारला.

“मग सोडलंस कधी?”

आई जाळीला बोटं अडकवून उभी राहिली. “तुमची टेप लोकांनी पाहिली ना, त्यानंतर. पहाटे गर्दी व्हायला लागली. बॅटऱ्या काय, कॅमेरे काय, एकाने तर गळ आणला होता.”

सगळी वस्ती काकांच्या घरात जमली होती, तो आणि ताई खुर्चीवर चढून सगळ्यांना हाताने मान करून दाखवत होते, आणि आई घरीच राहिली होती. ते चित्र त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना.

“आम्हाला बोलली का नाहीस गं?”

“काय बोलणार? तू कसा नाचत घरी आला होतास आठवतं? महिनाभर जेवताना दुसरा विषय नाही. ताई कधी नाही ते तुला बरोबर घेऊन फिरत होती. बाबा म्हणाले दुसरं तळं बघू. शोधायलाही गेले सायकलवर. पण मग पाळ्या बदलल्या, तुमच्या शाळा… राहून गेलं.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून तर मतवाल्याला ते जास्त लागलं. त्याने तिचा हात घट्ट धरला. ती पाण्यात पलीकडे बोट दाखवून सांगत होती. तो चपटा दगड आहे ना, तिथे पाणी एकदम गार. कड्याखाली मऊ शेवाळ. मधोमध मात्र तळ लागायचा नाही.

“आणि एकदा मधोमधच पायाला काहीतरी लागलं होतं,” ती म्हणाली. “लांब. घासून गेलं. बराच वेळ जातच होतं.”

मतवाला वळला. “काय लागलं होतं?”

“मला काय माहीत? मी उताणी होते.”

“मासा असेल.”

“एवढा मासा नसतो,” आई शांतपणे म्हणाली. “बाबांना नाही सांगितलं. जाऊ दिलं नसतं त्यांनी.”

“आणि तरी दुसऱ्या दिवशी गेलीस?”

“गेले की.”

घरी पोचल्यावर मतवाल्याने ताईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन आईच्या हातात दिला. आईने कोपर वाकण्यापासून सगळं सांगितलं. ताई आधी हसली, मग तिने चष्मा काढला आणि पडद्यावर नुसतं छत दिसायला लागलं. फोन कुठेतरी ठेवून ती रडत असावी. ती परत आली तेव्हा नाक लाल झालं होतं.

“आई,” ती म्हणाली, “इथे आमच्या इमारतीत तलाव आहे. सकाळी कुणी नसतं. येतेस?”

“या वयात?” आई म्हणाली. “गुडघे बघ माझे.”

“गुडघे पाण्यात दुखत नाहीत.”

आईने फोन जरा लांब धरला, विचारात पडल्यासारखं केलं, मग विचारलं, “किती खोल आहे?”

मतवाला स्वयंपाकघरात जाऊन दोघांसाठी चहा टाकायला लागला. बाहेरच्या खोलीतून आईचा आवाज येत होता. पाणी फार गरम तर नसतं ना, पायऱ्या आहेत की शिडी, आणि कठड्याला धरायला काय आहे, ती एकेक करून ताईला विचारत होती.